लाल पानांचं रोप उपटेपर्यंत

सोमवार, १४ जून २००४

झालं एकदाचं! दोन डुकरं कापली — एक आमचं, एक नदीपलीकडच्या खालच्या गावाचं — आणि दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी एकाच डबीतला चुना लावून सुपारी चघळली. पॉलमामांचं तोंड असं, जसं काही कोणी हिवतापाची कडू गोळीच दिलीय. पण चघळली. थुंकलेसुद्धा खालच्यांच्या पायापासून चांगलं हातभर लांब.

आमच्याकडे याला पोट थंड करणं म्हणतात. हा समेट नव्हे. समेट मोठा, तो पुढे कधीतरी. हे एवढ्यापुरतंच, की एकत्र काम करताना कोणी कोणाच्या अंगावर धावून जाणार नाही.

काम म्हणजे चर्चच्या मातेची दगडी गुंफा, तिच्या मूर्तीसाठी. अकरा वर्षं पडून आहे. जमीन आमच्या कुळाची, आईकडून माझ्याकडे आलेली, त्यामुळे माझ्या 'हो'शिवाय तिथला धोंडासुद्धा हलत नाही. तीन वर्षं मी 'नाही' म्हणत होते. फादर क्लेमेंट गुडघे धरत धरत तीनदा डोंगर चढून आले. शेवटी मलाच त्यांच्या गुडघ्यांची लाज वाटली.

'हो' म्हटलं, पण अट घालून. गुंफेच्या जागेसमोर लाल पानांचं रोप लावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं — "हे रोप उभं आहे तोवर कोणी कोणाला विचारायचं नाही. लढाईत कोण कुठे होतं, कोणी काय केलं, एक शब्द नको. पंधरा ऑगस्टला, मातेच्या सणाला, तिची मूर्ती उभी राहील. सोळाला मी माझ्या हाताने रोप उपटीन. मग ज्याला जे विचारायचंय ते विचारा."

सगळ्यांनी मान डोलावली. मामांनी शेवटी.

दुसरा इलाजच नव्हता. तीन वर्षांपूर्वी हेच काम काढलं होतं, तर दुसऱ्याच दिवशी मामा ओरडले, माझ्या भाच्याला कुठे पुरलंत ते आधी सांगा! खालच्यांनी फावडी टाकली आणि चालायला लागले. तो भाचा म्हणजे माझा धाकटा भाऊ. अल्बिनस.

विचारायचं तर मलाच सगळ्यांत जास्त आहे. आणि माझ्या तोंडाला कुलूप मीच घालून घेतलं.

बुधवार, १६ जून

बुधवारची बैठक खालच्या गावात, स्कोलास्टिकाच्या अंगणात. ती तिकडच्या बायकांची पुढारी. जाडजूड, विधवा, हसली की सगळं अंग हलतं. मला 'मास्तरीण' म्हणते. लढाईआधी दोन्ही गावांची पोरं माझ्याच शाळेत होती ना.

नदी ओलांडून जायला दीड तास. लढाईत हेच अंतर कोणी ओलांडत नसे. आमची पोरं बंडखोरांबरोबर रानात, त्यांची फौजेबरोबर छावणीत, आणि मधे नदी. आज ओलांडताना पाणी पोटरीपर्यंत होतं. एवढंसं पाणी!

तिच्या अंगणात बसण्यासारखी सावली एकच, फणसाच्या झाडाखाली. भाजीच्या नीरफणसाच्या. तिथे एक थडगं आहे. नदीतल्या गोट्यांचा कठडा, भोवती क्रोटन लावलेले, एक पान पडलेलं नाही. तिने मला कठड्यावरच बसवलं. म्हटलं, अगं, असं बसतात का? तर म्हणाली, "बस गं. त्याला आवडेल." बहिणीचा मुलगा म्हणे, पलीकडच्या बुका बेटावरचा, लढाईत गेला. बहिणीचा मुलगा म्हणजे स्वतःचाच. मी जास्त विचारलं नाही. विचारायचंच नाहीये!

तिने तामातामा केलं होतं. अळकुड्या कुटून नारळाच्या दुधात घोटलेल्या, वर रानबदाम. वास आला आणि जीव गेला. मी खात नाही. अल्बिनसचा आवडता पदार्थ. त्याला रीतसर पुरेपर्यंत बहिणीने तो खायचा नाही. अकरा वर्षं झाली. स्कोलास्टिकाला माहीत असणार, तरी वाढते. मी बाजूला सारते, ती परत झाकून ठेवते.

रविवार, २० जून

फादरचं प्रवचन पाऊण तास. विषय — शांतता. पहिल्या बाकावर मामा घोरत होते, दोन्ही गावांच्या मध्ये बसून.

बुधवार, २३ जून

वाळूवरून भांडण. खालच्यांनी ट्रकभर वाळू आणून टाकली. दिसायला पांढरीशुभ्र, सगळे खूश. मी चिमूटभर जिभेवर ठेवली तर खारट! समुद्रावरची वाळू. त्यात सिमेंट कालवलं की चार वर्षांत आतलं लोखंड गंजून गुंफा खाली. मी चिडले आणि जे तोंडाला आलं ते बोलले. खालचा एक जण म्हणाला, वरच्यांना आमची वाळूसुद्धा चालत नाही. मामा म्हणाले, वाळू चालेल रे, तुमची जीभ चालत नाही, खारट कळत नाही तिला. आता हाणामारी होते की काय असं वाटलं.

तेवढ्यात ओट्टो कोणाशी एक शब्द न बोलता घमेलं भरून नदीकडे निघाला. धुऊ लागला. स्कोलास्टिकाचा एकुलता एक मुलगा, गवंडीकाम बुकाला शिकून आलाय. अर्ध्या तासाने सगळ्या बायका वाळू धूत होत्या, दोन्हीकडच्या. मीही.

ओट्टो चौथीत माझ्याकडे होता. सातच्या पाढ्याला नेहमी अडायचा. आता सव्वीसचा आहे, दंड असे की सिमेंटची पोती दोन-दोन उचलतो. पण माझ्याकडे बघत नाही. पाढे न येणारी मुलं अशीच खाली बघतात.

गुरुवार, १ जुलै

आजचा तंटा — मातेचं तोंड कुठे होतं? मामा म्हणतात डोंगराकडे, म्हणजे आमच्याकडे. खालचे म्हणतात समुद्राकडे, म्हणजे त्यांच्याकडे. दोन तास. एका म्हातारीने शपथ घेतली की माता तिच्या घराकडे बघून हसायची.

मी म्हटलं, शाळेकडे होतं, पोरांवर लक्ष ठेवायला. कोणी हसलं नाही.

ओट्टोने जुना चौथरा साफ केला. त्यात दोन भोकं निघाली, मूर्तीच्या पायांतल्या सळया बसवायची. त्यावरून त्याने दोरी ताणली. तोंड ना डोंगराकडे, ना समुद्राकडे. सरळ नदीच्या उताराकडे, जिथून आपण पलीकडे जातो. फादर म्हणाले, बरंच झालं, येणाऱ्याजाणाऱ्यांवर लक्ष राहील.

ओट्टो दोरी गुंडाळत बराच वेळ तिकडे बघत उभा होता.

बुधवार, ७ जुलै

आज स्कोलास्टिकाने सगळ्यांसमोर सांगितलं — मातेचं डोकं आमच्याकडे आहे, नीट ठेवलंय, सणाच्या आदल्या दिवशी आणू.

मामांच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. 'चोर' हा शब्द ओठांवर आला होता, मी त्यांचा दंड दाबला. वाटभर ते बडबडत होते की सगळं खोटं आहे, रबाउल शहरातून नवीन मागवलं असणार, आपल्या धडावर ते बसणारच नाही, बघ.

धड माझ्या घरी आहे, पोत्यात. ते सगळ्यांना माहीत आहे. डोक्याचं कोणालाच माहीत नाही, ते इथे लिहिते. कुठेतरी लिहायलाच हवं.

त्र्याण्णवच्या मार्चमध्ये तोफगोळा पडला. कोणाचा, ते आजवर ठरलेलं नाही. गुंफा ढासळली, मूर्ती पडली, मानेपाशी तुटली. धड आम्ही बायकांनी तेव्हा डोंगरातल्या गुहेत लपवलं, ते लढाई संपल्यावर माझ्या घरी आलं. डोकं मी एकटीने उचललं आणि घरी टोपलीत ठेवलं. कोणाला सांगितलं नाही. लोकांना वाटलं, खालच्यांनी पळवलं.

एप्रिलमध्ये माझ्या मुलीला, रीटाला हिवताप चढला. आठ वर्षांची होती. फौजेने बेट बंद करून टाकलेलं, वरच्या खोऱ्यात औषधाची एक गोळी नाही. औषध फक्त खाली छावणीत. अल्बिनस म्हणाला, मी जातो. तो सुतार. शाळेचे बाक त्याने केलेले. बंदूक त्याने कधी हातात धरली नाही.

मी त्याच्या झोळीत मातेचं डोकं दिलं. माझ्या निळ्या कापडात बांधून. म्हटलं, दोन्हीकडचे जपमाळ म्हणणारे लोक आहेत. ज्याच्या हातात माता आहे त्याच्यावर गोळी कोण झाडेल?

तो गेला तो गेलाच.

रीटा पाल्याच्या काढ्यावर बरी झाली. चौथ्या दिवशी उठून बसली, अल्बिनसमामा कुठेय म्हणाली.

तेव्हा स्कोलास्टिकाकडचं डोकं जर खरं असेल — तर ते नदीपलीकडे पोचलं. म्हणजे तोही पोचला असेल. यापुढे मला विचार करायचा नाही. अजून चाळीस दिवस.

शनिवार, १० जुलै

मामांनी रोपाला पाणी घातलं. मी बघतेय असं वाटल्यावर लाथेने माती सारखी केली.

बुधवार, १४ जुलै

सळया आल्या. बंद पडलेल्या खाणीतून कापून आणलेल्या. जिच्यापायी ही लढाई पेटली तिचंच लोखंड आता मातेच्या पाठीत! मी फादरना म्हटलं, हे बरं दिसतं का? फादर म्हणाले, बाई, गंजलेलं नाही ना, मग घ्या.

ओट्टोचं काम बघत बसले. हात फार स्वच्छ आहे त्याचा. दगड घेतो, दोनदा फिरवतो, बसवतो. परत काढत नाही. दगड प्रत्येक घरातून आलाय, नदीतला. कोणाचा कुठे बसवायचा यावर बायका त्याचं डोकं खातात, माझा वर बसव, तिचा माझ्या डोक्यावर नको. तो सगळ्यांना 'हो' म्हणतो आणि मनासारखं करतो. मला आवडला. मी म्हटलं, "ओट्टो, सात आठे?" तो दचकला. मग खाली बघून म्हणाला, "छप्पन्न, बाई." बरोबर! म्हटलं, तेव्हा आलं असतं तर वर्गात उभं राहायला लागलं नसतं. बाकीचे हसले. तो हसला नाही.

हा मुलगा लढाईत काय करत होता, कोण जाणे. पंधराचा असेल. तेव्हा पंधराच्या पोरांनाही बंदुका दिल्या होत्या, त्यांच्याकडे आणि आमच्याकडेही.

बुधवार, २१ जुलै

रीटाचं पत्र. नर्सिंगचं दुसरं वर्ष पास. सणाला येता येणार नाही, परीक्षेनंतर लगेच वॉर्डात घातलंय. शेवटी एक ओळ — 'आई, सोळाला तू विचारशील ना?'

विचारीन.

पण आज खरं लिहायचंच तर पूर्ण लिहिते. ते रोप मी नुसतं मामांच्या तोंडासाठी लावलं नाही. माझ्यासाठीही लावलं. कारण एकदा विचारणं सुरू झालं की ते माझ्याकडेही येणार. तो का गेला? झोळीत काय होतं? कोणी दिलं? मातेचं डोकं न विचारता कोणी हलवलं?

आणि अजून एक. हे मी फादरना कबुलीजबाबातही सांगितलेलं नाही. निघताना तो म्हणाला, अंधारलं असेल, त्यांना कळणार कसं माझ्या हातात काय आहे? मी म्हटलं, "नदीवर पोचलास की झोळीतून काढ. दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उंच धर. लांबूनच दिसेल." मी त्याला करूनसुद्धा दाखवलं, भोपळा हातात घेऊन. तो हसला. म्हणाला, ताई, तू मला चौथीतला समजतेस.

एवढं लिहून झालं. हात दुखतोय.

बुधवार, २८ जुलै

पाय सुजला. खाली गेले नाही. स्कोलास्टिकाने बांधायला पाला पाठवला, ओट्टोच्या हाती. दीड तास चढून आला, उंबऱ्यावर पुडकं ठेवलं आणि हाक न मारता गेला. मी खिडकीतून पाहिलं. भिंतीवर अल्बिनसचा फोटो आहे, दारातून दिसतो. पाणी तरी पिऊन जायचं!

बुधवार, ४ ऑगस्ट

कमान आज बंद झाली. मधला दगड बसला तेव्हा टाळ्या वाजवताना वरचे कोण, खालचे कोण, ते सगळे विसरले. मामांनी एका खालच्या म्हाताऱ्याला स्वतःची सुपारी दिली. लगेच म्हणाले, किडकी आहे, म्हणून दिली.

नंतर स्कोलास्टिकाच्या अंगणात. ती आत चूल पेटवत होती, मला रिकामं बसवेना. थडग्याच्या कठड्यात गवत उगवलं होतं चार काड्या, ते उपटायला लागले. क्रोटनची वाळकी पानं काढली. गोटे सरकले होते ते सारखे केले. मनात आलं, असं कोणीतरी कुठेतरी त्याचंही करत असेल का? की रानात डुकरांनी... नाही लिहीत.

वर बघितलं तर स्कोलास्टिका दारात उभी. हातात पळी, डोळ्यांतून पाणी. मी घाबरले. म्हटलं, तुझं माणूस, मी हात लावला, चुकलं का? तिने मान हलवली. म्हणाली, "नाही गं मास्तरीण. कर. तू कर." आणि आत गेली. धूर गेला असेल डोळ्यांत म्हणून मी विषय काढला नाही. बाहेर आली तेव्हा परत हसत होती. तामातामा वाढलं. मी सारलं.

या बाईशी मला बोलायला आवडतं. लढाई नसती तर तीस वर्षांची मैत्रीण झाली असती.

बुधवार, ११ ऑगस्ट

आता धाकधूक. सणाच्या तयारीला लागलेय — रताळी, डुकरं, पानांचं छप्पर, बिशपांसाठी खुर्ची (एकाच खुर्चीला चारही पाय सारखे आहेत). सगळे विचारतात, बाई, बरं नाही का? म्हणते, पाय.

डोकं खोटं निघालं तर? मग मला काहीच कळणार नाही, आणि अजून अकरा वर्षं. खरं निघालं तर? मग सोळाला विचारावं लागेल. कशाला जास्त भिते तेच समजत नाही.

शनिवार, १४ ऑगस्ट

खालचे सकाळी गाणी म्हणत आले. स्कोलास्टिका पुढे, डोक्यावर टोपली, टोपलीवर केळीचं पान. आमच्याकडून धड चौघांनी आणलं, पोत्यातून काढलं, सळयांवर उभं केलं. मामा हाताची घडी घालून, बसणार नाही, बसणार नाही असं पुटपुटत होते.

तिने पान काढलं. आत कापडाची गाठोडी. निळं कापड, पिवळी जास्वंद. एक कोपरा जळका, मी इस्त्री करताना जाळलेला. धुऊन धुऊन रंग गेलाय. मधोमध एक ठिगळ, नाण्याएवढं, बारीक टाक्यांचं. ते माझं नव्हे.

स्कोलास्टिकाने गाठ सोडली, डोकं काढून ओट्टोकडे दिलं. कापडाची नीट चौघडी घातली आणि सगळ्यांसमोर येऊन माझ्या मांडीवर ठेवली. माझ्याकडे बघितलं. विचारायचं नाही हे ठरलेलं. तिने न विचारता सांगून टाकलं.

आजूबाजूला कोणाला काही कळलं नाही. मी कापडावर हात ठेवून बसले. ठिगळावर बोट गेलं की काढत होते, परत जात होतं. उठून तिचा गळा धरावा असं वाटलं. रोपाकडे बघितलं. दोन महिन्यांत चांगलं कमरेएवढं झालंय.

डोकं बसलं. मानेचा टवका टवक्यात, केसाएवढी फट नाही. मामा जवळ गेले, वाकून बघितलं, म्हणाले, "बसतंय की!" आणि ढसाढसा रडायला लागले. ते म्हाताऱ्यासारखे रडले, नाक पुसायलाही विसरले.

ओट्टोने सिमेंट लावलं. घट्ट होईपर्यंत कोणीतरी दुसऱ्या बाजूने धरून ठेवायला हवं होतं. वरच्यांतलंच कोणीतरी हवं, असं फादर म्हणाले. दहा जण पुढे झाले. ओट्टोने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं. "बाई, तुम्ही धराल?"

बावन्नाव्या वर्षी सुजल्या पायाने शिडी चढले. एका बाजूला माझे हात, एका बाजूला त्याचे. मधे ते डोकं. तासभर. मी म्हटलं, घट्ट धर, हलवू नकोस. तो "हो बाई" म्हणाला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून सिमेंटमध्ये पडत होतं. पुसायला त्याचे हात मोकळे नव्हते, माझेही नव्हते.

रविवार, १५ ऑगस्ट

माता उभी आहे. बिशप आले, खुर्ची मोडली नाही. दोन्ही गावं एका रांगेत. उताराकडून येणाऱ्यांना ती पहिल्यांदा दिसते, मान किंचित वाकलेली. पूर्वीही अशीच होती की आम्ही तशी धरली, आठवत नाही.

सगळे जेवले. मला घास गेला नाही. उद्या.

सोमवार, १६ ऑगस्ट

उजाडताच रोप उपटलं. मुळं खोल गेली होती. कोणाला न सांगता एकटी खाली गेले.

दोघं मायलेक अंगणात वाट बघत होते. मला विचारावं लागलं नाही. स्कोलास्टिकाने थडग्याकडे हात केला. त्याच थडग्याकडे. फौज प्रेतं नदीत सोडायची, म्हणून तिने 'हा माझा भाचा' असं सांगून अल्बिनसला मागून घेतलं होतं.

ओट्टो गुडघ्यांवर बसून बोलला. पंधराचा होता. उतारावर पहाऱ्याला होता, अंधारत आलं होतं. नदीत एक माणूस थांबला, झोळीतून कापडात गुंडाळलेलं काहीतरी गोल काढलं आणि दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उंच धरलं. "मला बॉम्ब वाटला, बाई."

मी त्याच्यासमोर खाली बसले. म्हटलं, "तसं धरायला मी सांगितलं होतं."

मग स्कोलास्टिकाने तामातामा आणलं. तिघांनी थडग्याच्या कठड्यावर बसून खाल्लं.